उस्मानिया दवाखान्याला पाण्यानं दोनदा कसं गाठलं

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत आजारपणाच्या गोष्टी निघाल्या की "शेवटी हैदराबादला नेलं" हे वाक्य हमखास येतं. गावच्या वैद्याचे उपाय संपले, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यानं हात टेकले, आता राजधानीच, असा त्याचा अर्थ. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे निझामाच्या राज्यात होते. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे सुरू झाली आणि जालना, परभणी, नांदेडचा रुग्ण गाडी न बदलता हैदराबादला पोचू लागला. शिक्षणाचंही तसंच. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि मराठवाड्यातल्या पोराला पदवी हवी असेल तर तिकडंच जावं लागे, तेही उर्दूतून शिकायला. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, तोवर आपलं सगळ्यात मोठं विद्यापीठ आणि सगळ्यात मोठा दवाखाना एकाच शहरात होता.

त्या दवाखान्याचा, म्हणजे उस्मानियाचा, इतिहास साधारणपणे निझाम, घुमट आणि कमानी यांच्या भाषेत सांगितला जातो. ते वाचायला बरं वाटतं, पण त्यातून दवाखाना बांधला का, चालला कसा आणि शेवटी रिकामा का करावा लागला, हे कळत नाही. ते समजून घ्यायचं तर पाण्याचा माग काढावा लागतो आणि थोडा हवेचा.

आधी शाळा, मग दवाखाना

हैदराबादेत पाश्चात्त्य वैद्यक शिकवायला सुरुवात झाली १८४६ साली. तेव्हाचे ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे निझामाच्या दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, जेम्स फ्रेझर यांच्या पुढाकारानं वैद्यकीय शाळा निघाली, शिकवायला डॉ. मॅक्लीन होते आणि माध्यम उर्दू होतं. त्याआधी राज्यात औषधोपचार नव्हते असं मुळीच नाही. युनानी हकीम होते, वैद्य होते, हाडवैद्य होते. नव्या शाळेनं आणली ती मुख्यतः शस्त्रक्रिया आणि शवविच्छेदनावर आधारलेलं शरीरशास्त्र. आजचं उस्मानिया मेडिकल कॉलेज हे त्याच शाळेचं पुढचं रूप.

पण वैद्यकीय शाळेला रुग्ण लागतात. १८६० च्या दशकात, पहिले सालारजंग दिवाण असताना, मुसी नदीच्या उत्तर काठावर अफझलगंजचा दवाखाना उभा राहिला. नाव पाचवे निझाम अफझलुद्दौला यांच्यावरून. जागा बाजाराजवळ, पुलाजवळ, पाणी हाताशी. त्या काळी दवाखाना नदीकाठी बांधण्यात कुणालाच वावगं वाटत नसे: धुणं, सांडपाणी, कचरा, सगळं नदीच्या हवाली करता येई.

क्लोरोफॉर्मचं प्रकरण

या दवाखान्यानं जगाच्या वैद्यकीय इतिहासात नाव कमावलं ते एका वादामुळं. शस्त्रक्रियेआधी भूल म्हणून क्लोरोफॉर्म हुंगवत, आणि तो देताना काही रुग्ण अचानक दगावत. प्रश्न असा, की आधी थांबतं काय, श्वास की हृदय? हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की आधी श्वास थांबतो. भूल देणाऱ्यानं नाडी सोडून द्यावी, छातीच्या हालचालीवर नजर ठेवावी, मग क्लोरोफॉर्म निर्धोक आहे. १८८८ साली पहिल्या चौकशी कमिशनमध्ये त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले आणि मत सिद्ध झाल्याचं जाहीर केलं. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं शंका घेतली. तेव्हा निझाम सरकारनं १००० पौंड दिले आणि तिकडून डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना बोलावून १८८९ साली दुसरं कमिशन बसवलं. शेकडो प्राणी वापरले गेले. निष्कर्ष तोच निघाला.

तो अर्धाच बरोबर होता, आणि चूक कुठं झाली हे समजून घेण्यासारखं आहे. प्रयोगात बहुतेक प्राण्यांना खोलवर, जास्त मात्रेत क्लोरोफॉर्म दिला होता. जास्त मात्रा झाली की खरोखर आधी श्वास बंद पडतो. पण माणसं अचानक दगावत होती ती बऱ्याचदा सुरुवातीलाच, हलक्या गुंगीत, घाबरलेल्या अवस्थेत. त्या वेळी शरीरात ॲड्रेनॅलिन वाढलेलं असतं आणि हलका क्लोरोफॉर्म अधिक ॲड्रेनॅलिन म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. रक्त पुढं जात नाही. हे गुडमन लेव्ही यांनी १९११ साली दाखवलं. म्हणजे हजार प्रयोग करा, पण चुकीच्या मात्रेत केले तर उत्तर चुकीचंच येणार. आज भूलतज्ज्ञ श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि ईसीजी दोन्ही एकाच वेळी पाहतो.

याच शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या डॉ. रूपाबाई फरदुनजी या जगातल्या अगदी पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांपैकी एक. लॉरींचा निष्कर्ष मागं पडला, पण भूल देणं हे कंपाउंडरकडं सोपवायचं काम नसून ते शिकून, लक्ष देऊन करायचं काम आहे, ही शिस्त इथं लवकर रुजली. आपल्या मते कमिशनची खरी कमाई तीच.

२८ सप्टेंबर १९०८

मुसी उगम पावते अनंतगिरीच्या डोंगरात, विकाराबादजवळ. हैदराबाद तिथून साधारण ९० किलोमीटरवर. मधला सगळा भाग ग्रॅनाइटच्या खडकाचा, माती पातळ. पाणी मुरायला जागा कमी, म्हणून जुन्या लोकांनी उतारावर एकाखाली एक असे शेकडो तलाव बांधून ठेवले होते. मुसीच्या खोऱ्यात सातशेहून जास्त तलाव होते.

सप्टेंबरच्या शेवटी अतिवृष्टी झाली. शमशाबादला २४ तासांत जवळपास १३ इंच पाऊस पडला. तलावांच्या माळेचा धोका अशा वेळी कळतो. मातीच्या बांधावरून पाणी वाहून जाणं त्याला सोसत नाही. जास्तीचं पाणी सांडव्यावरून जायला हवं. सांडवा अपुरा पडला की पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहतं, मागच्या उताराची माती खरवडत नेतं, तिथं घळ पडते, घळ मागं मागं सरकत माथ्याला भिडते आणि बांध फुटतो. मग एका तलावाचं साठलेलं सगळं पाणी खालच्या तलावावर एकदम येऊन आदळतं. तो आधीच भरलेला. तोही फुटतो. त्या दिवशी दोनशेहून जास्त तलाव असे फुटले. नदीला आलेला पूर नुसत्या पावसाचा नव्हता, कित्येक तलावांचा साठा त्यात एकदम मिसळला होता. पुराच्या शिखराचा अंदाज सुमारे सव्वाचार लाख क्युसेक असा केला गेला.

अफझलगंज भागात पाणी ११ फुटांच्या आसपास चढलं. नदीवरचे पूल वाहून गेले, टिकला तो १५७८ सालचा जुना पूल. सुमारे १५ हजार माणसं मेली. दवाखाना ऐन काठावर. तो उद्ध्वस्त झाला. दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले. ते झाड अजून आवारात आहे. चिंच मुळात हळू वाढणारी, खोल मुळांची, लाकूड चिवट. तिथं गुलमोहर असता तर दीडशे माणसांसकट गेला असता.

पाण्याचा बंदोबस्त नदीच्या वर

निझाम सरकारनं १९०९ साली विश्वेश्वरय्यांना बोलावलं. काठावर भिंती बांधून भागणार नाही हे त्यांनी मांडलं. शहरात नदी रुंद करायला जागा नव्हती. पूर शहरात पोचण्याआधीच अडवायचा, म्हणून वर दोन धरणं: मुसीवर उस्मानसागर, १९२० साली पूर्ण, आणि तिला मिळणाऱ्या ईसा नदीवर हिमायतसागर, १९२७ साली. शहराच्या भुयारी गटारांची योजनाही त्यांच्याच कामातली.

पूर अडवणारं धरण कसं काम करतं, हे एका हिशेबात कळतं. उस्मानसागरात सुमारे ३.९ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. दर सेकंदाला १ लाख घनफूट पाणी येत असेल तर एक टीएमसी भरायला १० हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. रिकामं धरण असा पूर जवळपास ११ तास पोटात घेऊ शकतं. तेवढ्या वेळात शिखर ओसरतं आणि खाली थोडं थोडं सोडता येतं. पण धरण आधीच भरलेलं असेल तर ११ तासांचे शून्य तास होतात. अडचण अशी की हीच दोन धरणं पुढं शहराच्या पिण्याच्या पाण्याची झाली. पूर अडवायचा तर धरण रिकामं हवं आणि शहर पाजायचं तर भरलेलं. जायकवाडीखालच्या गावांना ही ओढाताण वेगळी सांगायला नको.

हवेसाठी बांधलेली इमारत

नव्या दवाखान्याचा आराखडा व्हिन्सेंट एश यांचा. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलवर काम केलेला हा वास्तुविशारद १९१४ च्या सुमारास हैदराबादला आला. समोरच्या काठावरचं हायकोर्ट, काचीगुडा स्टेशन आणि सिटी कॉलेज हीही त्याचीच कामं. सातवे निझाम उस्मान अली खान यांच्या नावानं दवाखाना उस्मानिया झाला. जागा पुन्हा नदीकाठचीच.

घुमटांकडं सगळे पाहतात. आपण वॉर्डाकडं पाहू. लांबट खोली, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या, वर झरोके, बाहेर व्हरांडा. ही रचना फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी हट्टानं रुजवली. त्या वेळी अँटिबायोटिक नव्हतं. क्षय, न्यूमोनिया, जखमेचा पू, यांच्याविरुद्ध हाताशी होतं ते साबण, ऊन आणि वाहती हवा.

छत इतकं उंच का? एका खाटेच्या वाट्याला ८ फूट रुंद आणि १२ फूट लांब जागा धरा. छत १८ फुटांवर असेल तर वाट्याला १७२८ घनफूट, म्हणजे ४९ घनमीटर हवा येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणं साध्या वॉर्डात दर रुग्णामागं सेकंदाला ६० लिटर ताजी हवा हवी. म्हणजे तासाला २१६ घनमीटर. उंच वॉर्डात ती मिळवायला हवा तासाला साडेचार वेळा बदलावी लागते. तेच छत १० फुटांवर आणलं तर वाट्याला २७ घनमीटरच येते आणि हवा तासाला आठ वेळा बदलावी लागते. वारा पडला, की बुटक्या खोलीतली हवा लगेच कोंदते आणि उंच खोली काही काळ निभावून नेते. शिवाय तापलेली हवा वर जाते, झरोक्यातून निघून जाते आणि खालच्या खिडकीतून थंड हवा ओढली जाते. मे महिन्यात परभणीच्या ४४ अंशांत टिनाच्या शेडमधल्या ओपीडीत बसलेल्या माणसाला याचं मोल कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून अशा वॉर्डात फॉल्स सीलिंग मारणं, खिडक्या बंद करून एसी लावणं आणि प्लायवूडच्या केबिन करणं हे तिन्ही घातक. स्प्लिट एसी ताजी हवा आत आणत नाही, आहे तीच फिरवतो. दहा वर्षं चाललेली व्यवस्था एका नूतनीकरणात बिघडते आणि संसर्ग वाढला की दोष इमारतीच्या वयाला दिला जातो.

चुन्याचं छत आणि त्याचं दुखणं

त्या काळच्या निझामी सरकारी इमारतींत सपाट छतं दोन रीतींनी होत. एक, सागवानी तुळ्यांवर विटा उभ्या तिरक्या रचून. दुसरी, लोखंडी गर्डर तीन ते पाच फुटांवर टाकून त्यांच्यामध्ये विटांच्या बसक्या कमानी करून. दोन्हींवर शेवटी चुन्याचा कोबा.

कोबा करायची रीत जाणणारे गवंडी आता कमी उरलेत, म्हणून ती नीट नोंदवतो. कळीचा चुना विरवून निदान आठवडाभर, शक्यतो त्याहून जास्त, पाण्याखाली ठेवायचा. न विरलेला खडा राहिला तर तो नंतर फुगतो आणि कोब्यावर फोड येतो. एक भाग चुना आणि दोन भाग सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, घाणीत मळायची. हाताने कालवलेल्या आणि घाणीत मळलेल्या चुन्यात जमीन-अस्मानाचा फरक. १०० घमेली विटेचे इंचभराचे तुकडे, आधी पाण्यात भिजवलेले, आणि ५० घमेली मसाला. चार इंचांचा थर टाकून लाकडी थापीनं बडवायचा. साधारण सात दिवस बडवणं चालतं. ६० लिटर पाण्यात पावणेदोन किलो गूळ आणि एक किलो बेलफळ उकळून केलेलं पाणी वरून शिंपडत राहायचं. थापी मारल्यावर खूण उमटेनाशी झाली आणि थापी उसळी मारू लागली की थांबायचं. पुढं दहा दिवस ओलं गवत टाकून भिजवत ठेवायचं. उतार ६० फुटांना एक फूट, पन्हाळीकडं.

घाई केली तर काय होतं? बडवणं तीन दिवसांत आटोपलं तर मधे पोकळी राहते. पावसाचं पाणी त्यात साठून झिरपतं. भिजवणं कमी पडलं तर केसासारख्या भेगा पडतात.

नीट केलेला कोबा शंभर वर्षं टिकतो. पण गळू लागला की बांधकाम खात्याचा ठरलेला उपाय म्हणजे वर सिमेंटचा थर. दोन इंचांचा थर दर चौरस मीटरला सुमारे ११५ किलो भरतो. १०० फूट लांब, २४ फूट रुंद वॉर्डाचं छत २२३ चौरस मीटर. म्हणजे एका थराचं ओझं २५ टन. दहा वर्षांनी पुन्हा गळतं, पुन्हा थर. वर ५००० लिटरच्या पाण्याच्या टाक्या, प्रत्येकी पाच टनांच्या. सिमेंट उन्हात चुन्यापेक्षा वेगळं फुगतं-आकसतं, म्हणून तडकतं. तडकलेल्या फटीतून पाणी आत शिरतं आणि वरचा थर घट्ट असल्यानं वाळून बाहेर येत नाही. ते खाली गर्डरला पोचतं. गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो. गर्डर फुगला की बाजूची वीट उचकते आणि छताचा पोपडा रुग्णाच्या खाटेवर पडतो. उस्मानियात शेवटच्या वर्षांत छताचे तुकडे पडत होते ते इमारत म्हातारी झाली म्हणून, असं म्हणणं सोपं आहे. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या कचेऱ्यांत हेच घडतं आणि कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

भिंतींचं तेच. चुन्याची भिंत माठासारखी असते: ओल आत येते, बाहेर पडते. तिला सिमेंटचं प्लास्टर आणि ऑइल पेंट लावला की ओल अडकते आणि वर चढत जाते. कमरेपर्यंतचा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा क्षार, छातीपर्यंत येतो.

तिसरं दुखणं संडास-बाथरूमचं. मूळ रचनेत ओली कामं मुख्य इमारतीपासून जरा लांब असत. खाटा वाढल्या तशी ती वरच्या मजल्यांवर, वॉर्डाच्या कोपऱ्यांत घुसवली गेली. शंभराहून जास्त खाटांच्या दवाखान्याला दर खाटेमागं दिवसाला ४५० लिटर पाणी लागतं असा भारतीय मानक संस्थेचा हिशेब आहे. हजार खाटा म्हणजे रोज साडेचार लाख लिटर. त्यातलं ८० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडणार. नातेवाईकांचा वापर वेगळाच. इतकं पाणी जुन्या, कमी खाटांसाठी टाकलेल्या नळातून आणि चुन्याच्या जोडांतून.

जुलै २०२०

कोरोनाचं वर्ष. मुसळधार पावसात उस्मानियाच्या जुन्या इमारतीत गुडघाभर घाण पाणी शिरलं, खाटांवर रुग्ण तसेच बसलेले, ही चित्रं देशभर पाहिली गेली. नदीचा पूर यावेळी कारण नव्हता. पाणी आलं ते मुख्यतः गटारातून.

गटार उलटं का वाहतं? सांडपाणी उतारानं जातं, त्याला ढकलणारं दुसरं काही नसतं. पावसाचं पाणी गटारात शिरलं की रस्त्यावरचं चेंबर काठोकाठ भरतं. त्या चेंबरच्या पाण्याची पातळी तुमच्या तळमजल्यावरच्या मोरीपेक्षा वर गेली, की पाणी नळातून मागं फिरतं आणि सगळ्यात खालच्या भोकातून बाहेर येतं. ते भोक म्हणजे वॉर्डातली मोरी किंवा संडास. शहराचे रस्ते दर डांबरीकरणाला इंच-दोन इंच वर चढतात, इमारत आहे तिथंच राहते. शंभर वर्षांत उंच जोत्याची इमारत रस्त्याच्या पातळीला येते. यावर उपाय आहेत: बाहेर पडणाऱ्या नळावर एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह, पावसाच्या पाण्याची आणि सांडपाण्याची वेगळी गटारं, आणि तळमजल्याचं सांडपाणी एका टाकीत घेऊन पंपानं उचलणं. तिन्ही उपाय घुमट दुरुस्त करण्यापेक्षा स्वस्त. पण गटाराच्या कामाचं उद्घाटन कुणी करत नाही.

त्यानंतर जुनी इमारत रिकामी केली गेली. पाडायची की जपायची हा वाद आधीपासून होता, तो हायकोर्टात गेला. ३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहल इथं नव्या दवाखान्याची पायाभरणी झाली.

जुनी इमारत पाडू नये, पण तिच्यात दवाखाना पुन्हा पूर्ण भरू नये, हे आमचं मत. ऑपरेशन थिएटरला तासाला किमान २० वेळा गाळलेली हवा हवी, दार उघडलं तरी आतला दाब बाहेरपेक्षा जास्त राहायला हवा, ऑक्सिजनचे नळ हवेत, आयसीयूला वीज हवी. हे सगळं २ फूट जाड चुन्याच्या भिंतीत भोकं पाडून बसवायचं म्हणजे भिंतही जाते आणि कामही धड होत नाही. ओपीडी, वर्ग, ग्रंथालय, कचेरी, संग्रहालय यांना मात्र त्या उंच हवेशीर खोल्यांइतकं चांगलं काही मिळणार नाही.

आपल्याकडं

१९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद परराज्यात गेलं. त्याच वर्षी औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं, तेच आपलं घाटी. दोन वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ ला, मराठवाडा विद्यापीठ. पुढं अंबाजोगाई, १९८८ ला नांदेड, २००२ ला लातूर. एका दवाखान्यावरचा भार हळूहळू वाटला गेला.

पण जिल्ह्यांत आणि तालुक्यांत निझामकाळातल्या चुना-दगडाच्या इमारती अजून आहेत. कुठं ग्रामीण रुग्णालय, कुठं पशुवैद्यकीय दवाखाना, कुठं नुसतं भांडार. अशी इमारत ज्यांच्या ताब्यात असेल त्यांनी मे महिन्यात, मृगाच्या आधी, एक फेरी मारावी.

सुरुवात छतावरून. पन्हाळी आणि खाली उतरणारे पाइप मोकळे आहेत का? तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर चार इंची एक पाइप सुमारे ४३ चौरस मीटर छताचं पाणी नेतो. वर हिशेब केलेल्या वॉर्डाला असे निदान सहा पाइप लागतील. बहुतेक ठिकाणी दोन असतात आणि त्यातला एक कबुतराच्या घरट्यानं बुजलेला. पाइप तपासायचा तर वरून बादलीभर पाणी ओतून खाली किती वेळात आणि किती येतं ते पाहा.

पिंपळाचं रोप दिसलं तर उपटू नका. वरचं खोड तुटतं, मूळ आत राहतं आणि दुप्पट जोरानं वाढतं. जोर लावून उपटलं तर दगड घेऊन येतं. बुंधा कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावायचं, मूळ पूर्ण वाळायला महिने द्यायचे, मग पोकळी चुन्यानं भरायची. सिमेंटनं नव्हे.

छताच्या खालून गर्डर पाहा. गर्डरच्या रेषेत सरळ भेग असेल तर आत गंज धरला आहे. गर्डरच्या आडव्या, वेड्यावाकड्या बारीक भेगा बऱ्याचदा प्लास्टरपुरत्याच असतात. संशय असेल तिथं भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहून ठेवा. पट्टी तुटली तर भेग हलते आहे, तिथं खाट ठेवायची नाही आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं.

भिंतीवर लोणा दिसला तर आधी बाहेरच्या बाजूची माती पाहा. बागेसाठी टाकलेली माती जोत्याच्या वर चढलेली असते, ती काढली की अर्धं काम होतं. मग ओल्या पट्ट्यातलं सिमेंट प्लास्टर खरवडून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवायची आणि चुन्याचा गिलावा करायचा.

शेवटी मोरी. तळमजल्यावरच्या सगळ्यात खालच्या मोरीची पातळी आणि रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणाची पातळी लेव्हल ट्यूबनं मोजा. पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन माणसं, एवढंच लागतं. मोरी खाली निघाली तर पावसाळ्याआधी व्हॉल्व्ह बसवून घ्या, आणि तो दर महिन्याला उघडून साफ करायचं काम कुणाचं, हे नाव घालून रजिस्टरवर लिहा. कापसाचा एक बोळा अडकला की व्हॉल्व्ह उघडाच राहतो.